घरखर्चाचं अंदाजपत्रक: आधी वर्षाचा हिशेब, मग महिन्याचा

घरखर्चाचं अंदाजपत्रक करायला बसलं की बहुतेक जण भाडं, किराणा, दूध, वीज, पेट्रोल अशी यादी करतात. बेरीज पगारापेक्षा कमी येते आणि हायसं वाटतं. मग जून उजाडतो. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट सगळं एकदम अंगावर येतं आणि क्रेडिट कार्ड बाहेर निघतं. ते फिटतंय तोवर गणपती येतात, मग दिवाळी, मग आरोग्यविम्याचा हप्ता. दरमहाच्या खर्चाने घर सहसा अडचणीत येत नाही, वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चाने येतं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी वर्ष, मग महिना, शेवटी आठवडा.

उदाहरणासाठी एक घर धरू. नाशिकसारख्या शहरात भाड्याने राहणारं, नवरा-बायको आणि शाळेत जाणारं एक मूल. हातात येणारे महिन्याचे ४२,००० रुपये. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत तीच राहील.

हातात नेमकं किती येतं

नोकरीच्या पत्रातल्या वार्षिक पॅकेजला १२ ने भागून पगार काढू नका. त्या आकड्यात कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी बहुतेक वेळा धरलेली असते, कधी गटविम्याचा हप्ताही असतो. बँकेत जमा होते तीच रक्कम खरी. महाराष्ट्रात व्यवसाय कर दरमहा २०० रुपये कापला जातो आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. ज्यांच्या पगारातून प्राप्तिकर कापतात, त्यांनी जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांकडे खास लक्ष द्यावं. गुंतवणुकीचे पुरावे वेळेत दिले नाहीत, तर राहिलेला कर याच तीन पगारांतून वसूल होतो आणि हातात येणारी रक्कम अचानक खाली येते.

रिक्षा, दुकान, शिकवण्या, हंगामी कामं यांवर घर चालत असेल, तर गेल्या १२ महिन्यांतले सर्वांत कमी कमाईचे ३ महिने निवडा आणि त्यांची सरासरी हाच तुमचा पगार धरा. वर्षाची सरासरी धरली की मंदीच्या महिन्यात हमखास उसनवारी होते. जास्त कमाईच्या महिन्यातला वरचा पैसा पुढे सांगितलेल्या वार्षिक खात्यात टाका. बोनस, ओव्हरटाइम, दिवाळीची बक्षिसी हे पैसे हातात पडेपर्यंत हिशेबात धरूच नका.

वर्षाची यादी

हे काम नीट झालं तर बाकीचं निम्मं सोपं होतं, म्हणून याला एक अख्खी संध्याकाळ द्या. बँकेच्या ॲपमधून गेल्या १२ महिन्यांचं विवरण काढा, भिंतीवरची दिनदर्शिका उतरवा आणि घरातल्या सगळ्या मोठ्यांनी एकत्र बसा. एकट्याने केलेल्या यादीत माहेरचं लग्न किंवा आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन सुटतं. एप्रिलपासून मार्चपर्यंत एकेक महिना घ्या आणि दरमहा न होणारा प्रत्येक खर्च लिहून काढा.

आपल्या उदाहरणातल्या घराची यादी अशी होते:

शाळेची फी, दोन हप्त्यांत (जून आणि नोव्हेंबर): २४,०००
वह्या, पुस्तकं, गणवेश, बूट, दप्तर (जून): ६,०००
वर्षाचा गहू, तूरडाळ, मसाला (एप्रिल): १२,०००
दुचाकीचा विमा, पीयूसी, सर्व्हिसिंग: ५,०००
आरोग्यविमा: १५,०००
जीवनविमा: ९,०००
गणपती आणि दिवाळी, कपड्यांसह: १५,०००
गावी जाणं-येणं: ८,०००
लग्नं, बारशी, आहेर: ६,०००
भाडेकराराचं नूतनीकरण: ३,०००
मिक्सर, नळ, सायकल, चष्मा अशी मोडतोड: ५,०००

बेरीज १,०८,०००. तिला १२ ने भागलं की ९,००० येतात. याचा अर्थ ४२,००० मधले ९,००० रुपये पहिल्या तारखेलाच खर्ची पडलेले आहेत. ते खात्यात दिसतात, पण ते जूनचे, भाद्रपदाचे, नोव्हेंबरचे आहेत. घर चालवायला ३३,००० उरतात. पहिल्यांदा हा आकडा पाहून धक्का बसतो, आणि तो बसलेला बरा.

शेवटची ओळ, म्हणजे मोडतोड, हटकून गाळली जाते, कारण काय मोडणार ते आज माहीत नसतं. काही ना काही मोडतं मात्र दर वर्षी. स्वतःचं घर असेल तर मिळकतकर आणि सोसायटीचा देखभाल खर्च यादीत घाला. बऱ्याच सोसायट्यांची बिलं तिमाही असतात आणि थकबाकीवर उपविधींनुसार व्याज लावता येतं, त्यामुळे ते बिल मागे ठेवणं महागात पडतं. अनेक महापालिका मिळकतकर वर्षाच्या सुरुवातीला एकरकमी भरणाऱ्यांना सूट देतात. वार्षिक खात्यात पैसे तयार असले तरच ती सूट घेता येते.

जीवनविम्याच्या ओळीत बँकेतून मिळणारे दोन स्वस्त विमे आधी बसवा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये आहे. १८ ते ५० वयात ती घेता येते आणि कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख मिळतात. सुरक्षा विमा योजनेचा हप्ता २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं आणि हप्ता मेअखेरीस खात्यातून आपोआप वळता होतो. इथेच घोटाळा होतो: ते खातं वापरात नसतं, त्यात शंभर रुपयेही नसतात, हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडल्याचं घरात कुणालाच कळत नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्या खात्यात ५०० रुपये आहेत का, ते बघा. दिनदर्शिकेवर आजच खूण करून ठेवा.

पहिल्या वर्षी पैसे कमी पडतात

एप्रिलमध्ये सुरुवात केली तर खात्यात ९,००० जमा होतात आणि त्याच महिन्यात धान्याला १२,००० लागतात. रीत चुकलेली नसते, साठा अजून झालेला नसतो. पहिल्या वर्षी निम्मंच धान्य घ्या, ६,००० चं. मग जूनपर्यंत जमा झालेल्या २७,००० मधून ६,००० धान्याला आणि जूनला फीचा पहिला हप्ता व पुस्तकं मिळून १८,००० जातात, तरी ३,००० उरतात. आरोग्यविम्याचा हप्ता लवकर येत असेल तर तो सहामाही करता येतो का ते विचारा. थोडी जास्त रक्कम पडते, पण कार्डावरच्या व्याजापेक्षा ती कमीच असते. फीचे दोनऐवजी तीन हप्ते शाळेकडून मागून घ्यायलाही संकोच करू नका. दुसऱ्या वर्षापासून ही ओढाताण राहत नाही.

तीन खाती

एकाच खात्यात सगळे पैसे असले की ९,००० कधी खर्च झाले ते कळत नाही. म्हणून खाती वेगळी हवीत.

पहिलं पगाराचं खातं. भाडं, वीज, कर्जाचे हप्ते इथून जातात. दुसरं वार्षिक खातं. याला यूपीआय जोडू नका, डेबिट कार्ड घेतलंच तर ते घरी कपाटात ठेवा. तिसरं रोजच्या खर्चाचं खातं. फोनमधलं यूपीआय फक्त यालाच जोडा. नवीन खातं उघडताना किमान शिल्लक किती ठेवावी लागते आणि कमी पडल्यास दंड किती, हे आधी विचारा. शून्य शिल्लक चालणारं मूलभूत बचत खातं प्रत्येक बँकेत मिळतं, पण त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं असून चालत नाही. त्यासाठी वेगळी बँक निवडा.

पगाराच्या खात्यावर स्थायी सूचना (स्टँडिंग इन्स्ट्रक्शन) द्या: दरमहा ९,००० वार्षिक खात्यात. तारीख पगाराच्या दिवसाची ठेवू नका, तीन दिवस पुढची ठेवा. सुट्टी आली की पगार एक-दोन दिवस उशिरा होतो, खात्यात पैसे नसल्याने सूचना परत जाते आणि काही बँका त्याचे पैसे लावतात. कर्जाच्या हप्त्याचंही तसंच. तो परत गेला तर बँक आणि कर्ज देणारी कंपनी दोघांकडून दंड लागतो, शिवाय पतनोंदीवर डाग पडतो.

बचत: खर्चाआधी बाजूला

३३,००० मधले ४,००० बचतीला काढा. महिना संपल्यावर उरेल ते वाचवू म्हटलं की उरत नाही, म्हणून हेही स्थायी सूचनेनेच जाऊ द्या.

हे ४,००० कुठे ठेवायचे, याला क्रम आहे. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर सगळ्यांत आधी ती. कार्डावर दरमहा ३.५ टक्के व्याज असेल, तर २०,००० च्या थकबाकीवर महिन्याला ७०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १२६, असे ८२६ रुपये निव्वळ व्याजातच जातात. बिलावर छापलेली 'किमान देय रक्कम' भरून कर्ज फारसं हलत नाही. पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते आणि पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. अशी थकबाकी ठेवून बाजूला ठेव जमवण्यात काहीच हशील नाही.

ती फिटली की आणीबाणीचा निधी. पहिलं उद्दिष्ट एका महिन्याचा घरखर्च, नंतर तीन महिन्यांचा. कमाई अनियमित असेल किंवा घरात एकच कमावता असेल तर सहा. हा पैसा बचत खात्यात आणि मोडता येईल अशा छोट्या मुदतठेवींत ठेवा. ३०,००० ची एक ठेव करण्याऐवजी १०,००० च्या तीन केल्या, तर गरजेपुरती एकच मोडावी लागते. बाकीच्या दोनांचं व्याज शाबूत राहतं.

त्यानंतर आवर्ती ठेव. पोस्टाची आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून सुरू होते आणि ५ वर्षांची असते. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ६.७ टक्के झाला. त्या दराने दरमहा १,००० भरले तर ६० हप्त्यांचे सुमारे ७१,३०० होतात. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत खातं उघडलं असेल तर पुढचे हप्ते १५ च्या आत भरावे लागतात, १५ नंतर उघडलं असेल तर महिनाअखेरपर्यंत. चुकलेल्या हप्त्यावर दर १०० रुपयांना महिना १ रुपया दंड आहे. ही ठेव ३ वर्षांआधी मोडता येत नाही, त्यामुळे आणीबाणीचा पैसा इथे ठेवू नका. मुलांच्या कॉलेजसारख्या लांबच्या गरजेला पीपीएफ चांगलं: १५ वर्षं, वर्षाला किमान ५००, कमाल दीड लाख. त्यात भरायचे ते महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज बुडतं.

आता पिग्मी, भिशी आणि पतसंस्था. गावागावांत याच वाटेने बचत होते, तेव्हा त्यांचे नियमही माहीत हवेत. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांसह, प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी तो १ लाख होता. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. तिथे दर एक-दोन टक्के जास्त दिसतो, त्याचं कारण ही जोखीम आहे. घराची सगळी पुंजी पतसंस्थेत ठेवू नका. बँक बुडाली नाही तरी पैसे अडकू शकतात. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला ठेवीदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. म्हणून आणीबाणीचा पैसा दोन वेगळ्या बँकांत असावा.

पिग्मी, म्हणजे एजंट रोज येऊन नेतो ती छोटी ठेव, रोज कमावून ५०-१०० रुपये साठवणाऱ्याला खरोखर उपयोगी आहे, पण मुदतीआधी काढली तर व्याज मिळत नाही आणि वर कपात होते. एजंटाने पैसे घेतले की त्याच वेळी पावती किंवा एसएमएस आला पाहिजे, आणि महिन्यातून एकदा संस्थेच्या काउंटरवर जाऊन शिल्लक पडताळा. भिशीत ओळखीच्या दहा-बारा जणी, चिठ्ठ्या टाकून नंबर आणि लिखित वही एवढं असेल तर शिस्त लागते. लिलावाची भिशी टाळा. गरजू माणूस तिथे कमी रक्कम घेऊन उठतो आणि ते त्याला महागडं कर्जच पडतं.

महिन्याचं वाटप

उरले २९,०००. आधी ठरलेले खर्च: भाडं ११,०००, वीज १,२००, गॅस ७००, फोन आणि इंटरनेट ९००, शाळेची व्हॅन १,५००. एकूण १५,३००. राहिलेल्या १३,७०० मध्ये किराणा ४,५००, दूध १,८००, भाजी-फळं २,७००, पेट्रोल २,०००, औषधं-कटिंग-किरकोळ १,२००, आणि नवरा-बायकोला प्रत्येकी ७५० हातखर्च.

हातखर्चाचा हिशेब एकमेकांनी विचारायचा नाही. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती असलीच पाहिजे. ती नसली की चहा, पान, गजरा, मोबाइलचं कव्हर हे खर्च लपवले जातात आणि वहीतला प्रत्येक आकडा खोटा होत जातो.

पगाराचे गरजांना ५०, हौसेला ३० आणि बचतीला २० टक्के असे भाग करायचा सल्ला इंटरनेटवर सारखा दिसतो. ४२,००० च्या घरात, शहरी भाड्यासह, गरजाच ५० टक्क्यांत बसत नाहीत. बसल्या नाहीत म्हणून निराश होऊन वही बंद करू नका.

किराणा आणि दूध महिन्याचं असतं. उरलेले ७,४०० आठवड्याला वाटा. इथे एक चूक सगळे करतात: ४ ने भागतात. चार आठवड्यांचे २८ दिवस होतात, महिना ३० किंवा ३१ चा असतो, आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांचे पैसे नसतात. ३१ ने भागा, ७ ने गुणा: आठवड्याला साधारण १,६५०. दर शनिवारी एवढेच पैसे रोजच्या खात्यात टाका, किंवा रोख काढून पाकिटात ठेवा. संपले की पुढच्या शनिवारपर्यंत घरात आहे त्यावर भागवायचं.

नोंद कशी ठेवायची

पहिले ३० दिवस काहीही कमी करू नका, फक्त लिहा. वही, फोनमधला तक्ता, ॲप, काहीही चालेल. लिहायचं मात्र त्याच रात्री. यूपीआयच्या विवरणात दुकानाऐवजी मालकाचं नाव येतं आणि तीन आठवड्यांनी ते १४० रुपये कशाचे होते ते आठवत नाही. यूपीआय लाइट वापरत असाल तर आणखी जपा. बँकेच्या विवरणात फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम दिसते, त्यातून केलेले छोटे खर्च दिसत नाहीत, आणि नेमके तेच निसटतात.

रकाने सात-आठच ठेवा. पंचवीस रकाने केले की दहाव्या दिवशी कंटाळा येतो. 'इतर' हा रकाना महिन्याच्या खर्चाच्या ५ टक्क्यांवर गेला, तर त्यात काहीतरी दडलेलं आहे, तो फोडा. दूध, पेपर, कामवाल्या मावशींचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख हे दिनदर्शिकेवर लिहायची जुनी सवय उत्तम आहे, ती मोडू नका.

त्याच वेळी फोनमधल्या यूपीआय ॲपात 'ऑटोपे' उघडून बघा. विसरलेली ओटीटी, गाण्यांची, क्लाउडची वर्गणी तिथे सापडते आणि तिथूनच रद्द होते. नुसतं ॲप काढून टाकल्याने कापणं थांबत नाही.

स्वयंपाकघरात पैसे कुठे वाचतात

किराण्याची यादी दुकानात गेल्यावर नाही, घरी डबे उघडून करायची. दोन मोठे आणि एक मूल यांना महिन्याला साधारण एवढं लागतं: गहू १० किलो, तांदूळ ५ किलो, तूरडाळ २ किलो, मूग-मटकी-हरभरा-मसूर मिळून २ किलो, तेल २ लिटर, साखर २ किलो, शेंगदाणे दीड किलो, पोहे आणि रवा एकेक किलो, चहा पावडर अर्धा किलो. तुमच्या घरी भाकरी जास्त होत असेल तर गहू कमी करून ज्वारी-बाजरी धरा. एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या ३५ ते ४० पोळ्या होतात. रोजच्या पोळ्या मोजल्या की गव्हाचा अंदाज अचूक येतो.

तेलात फसगत फार होते. लिटर आणि किलो एक नाही: एक लिटर तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम असतं. १५ किलोच्या डब्यात साधारण साडेसोळा लिटर तेल येतं, १५ लिटरच्या डब्यात जेमतेम पावणेचौदा किलो. दोन डब्यांच्या किमतींची तुलना करण्याआधी डब्यावर काय छापलंय ते वाचा. पिशव्याही आता १ लिटरच्याच असतात असं नाही, ८०० ते ९०० ग्रॅमच्या मिळतात आणि दिसायला सारख्या दिसतात. एमआरपीजवळ दर ग्रॅमची किंवा मिलिलिटरची किंमत छापलेली असते, तुलना तिची करायची. मोठा पुडा दर वेळी स्वस्त असतोच असं नाही.

वर्षाचं धान्य घ्यायचं की नाही हे जागा आणि हवा यांवर ठरवा. देशावर, कोरड्या हवेत, कोठी ठेवायला जागा असेल तर मार्च ते मेमध्ये गहू आणि तूरडाळ घेणं परवडतं. मुंबई-कोकणात किंवा छोट्या फ्लॅटमध्ये पावसाळ्याच्या दमटपणात किडे पडून वाचलेले पैसे जातात. तिथे दोन-तीन महिन्यांचंच घ्या. गहू दोन दिवस कडक उन्हात वाळवा, पण गरम असताना कोठीत भरू नका. आतल्या उष्णतेने वाफ धरते आणि तीच किडीला फावते. रात्रभर पसरून गार होऊ द्या, सकाळी वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून भरा. तांदूळ कडक उन्हात वाळवला की तुकडा पडतो, त्याला एरंडेल चोळतात. रवा, बेसन, कणीक महिन्याच्या वर साठवू नका.

भाजीत बचत दरापेक्षा क्रमाने होते. आठवड्याची भाजी आणल्यावर पहिल्या दोन दिवसांत पालेभाज्या, मग वांगी-भेंडी-दोडका, नंतर कोबी, भोपळा, बटाटा, आणि शेवटचे दोन दिवस मटकीची उसळ, पिठलं, वरण. मेथीच्या तीन जुड्या स्वस्त म्हणून घेतल्या आणि दोन पिवळ्या पडल्या, तर स्वस्ताई कुठे राहिली?

वीज आणि गॅस

वीजबिलात रुपये नंतर, आधी युनिट बघा. महावितरणच्या घरगुती बिलात १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत आणि वरच्या टप्प्याचा दर बराच चढा असतो. १०१ वं युनिट झालं की सगळंच बिल महाग होतं हा समज चुकीचा आहे, वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. त्यामुळे वाचवलेलं प्रत्येक युनिट तुमच्या सर्वांत महाग टप्प्यातलं असतं.

जुना पंखा ७५ वॅटचा, दिवसाला १४ तास, म्हणजे महिन्याला साडेएकतीस युनिट. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटचा, तेवढ्याच वापरात साडेबारा. फरक १९ युनिटांचा, युनिटला १० रुपये धरले तर एका पंख्यामागे महिना १९०. सर्वांत जास्त चालतो तो एकच पंखा आधी बदला. २,००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. पाणी तापल्यावर तो आपोआप बंद होतो, पण बटण चालू राहिलं तर पाणी निवेल तसं पुन्हा तापवत राहतो.

सिलिंडर घेताना वजन करून मागा, तो तुमचा हक्क आहे. सिलिंडरवर कोरलेलं रिकामं वजन अधिक १४.२ किलो एवढा काटा दिसला पाहिजे. घरपोच आणण्याचे पैसे बिलात धरलेले असतात. ज्योत पिवळी दिसली तर बर्नरची भोकं बुजली आहेत, गॅस वाया जातोय आणि भांडी काळी होतायत. सुईने आणि गरम साबणपाण्याने साफ करा. तूरडाळ अर्धा तास, हरभरा-राजमा रात्रभर भिजवा, आणि पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करा.

दहा तारीख, वीस तारीख

या दोन दिवशी दहा मिनिटं बसा. दहाला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त खर्च झाला असेल तर अजून सावरता येतं, अठ्ठाविसाला कळून उपयोग नसतो. एखाद्या रकान्यात जास्त गेले तर ते दुसऱ्या रकान्यातून काढा: पेट्रोलला ४०० जास्त लागले तर ते हातखर्चातून किंवा भाजीतून. वार्षिक खात्याला हात लावायचा नाही. एकदा तिथून काढले की दुसऱ्यांदा काढताना काहीच वाटत नाही.

नातेवाईक-मित्रांना हातउसने देण्याची मर्यादा आधी दोघांनी मिळून ठरवा आणि ती 'किरकोळ'मधून द्या. बिनव्याजी हप्त्यावर वस्तू घेताना रोखीची सूट किती बुडते, प्रक्रिया शुल्क किती आणि त्यावर जीएसटी किती, हे तीन आकडे दुकानातच लिहून घ्या. घरात आधीच एक हप्ता चालू असेल तर दुसरा सुरू करू नका.

एकच रकाना सलग तीन महिने फुटत असेल तर दोष तुमच्या संयमाचा नाही, आकडा चुकीचा आहे. तो वाढवा आणि दुसरीकडचा कमी करा.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वर्षाची यादी पुन्हा काढा. प्रत्येक ओळीपुढे प्रत्यक्ष खर्च लिहा, नव्या वर्षाची फी शाळेकडून विचारून घ्या, करार संपताना भाडं किती वाढणार ते घरमालकाशी बोला, विम्याच्या नव्या हप्त्याची नोटीस बघा. नवी बेरीज १२ ने भागा आणि एप्रिलचा पगार व्हायच्या आत बँकेतली स्थायी सूचना नव्या रकमेची करून या.